आजीचे धवळे आणि नातवाचा बेंजो

मराठीच्या प्राध्यापकाला एक सवय जडते आणि ती त्याच्या स्वतःच्या सहसा ध्यानात येत नाही. जे पाठ्यपुस्तकात आले ते होऊन गेले, संपले, त्याच्यावर आता प्रश्न तेवढे काढायचे, असे त्याला वाटू लागते. निदान मला तरी वाटू लागले होते. ही सवय माझ्या एका विद्यार्थ्याने मोडली, आणि तीही मुद्दाम नव्हे. वर्गात अर्धवट झोपेत असताना!

मी उरण तालुक्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि नेरूळला राहतो. पूर्वी बसमधून हाडे खिळखिळी करून घेत जावे लागे. जानेवारी २०२४ मध्ये लोकलगाडी थेट उरणपर्यंत धावू लागली आणि आमचे जाणे-येणे सुखाचे झाले. या मार्गावर ‘न्हावा शेवा’ नावाचे एक स्थानकही आहे. न्हावा शेवा हे नाव साऱ्या जगातल्या व्यापाऱ्यांना ठाऊक असते. पण न्हावा हे एक गाव आणि शेवा हे दुसरे, आणि तिथे माणसे राहतात, हे मुंबईकरांना मात्र सांगावे लागते. असो.

दर वर्षी प्राचीन वाङ्मय शिकवताना एक तास मी महदाइसेला देतो. मराठीची आद्य कवयित्री; तेराव्या शतकात रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा मांडला गेला, तेव्हा तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे ‘धवळे’ गायिले. धवळा म्हणजे वराला उद्देशून गायिलेले मंगलगीत. त्याच सुमारास देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाने आपल्या ‘संगीतरत्नाकरा’त ‘धवल’ हा गीतप्रकार सांगितला आहे, एवढी माहिती मी सांगतो, फळ्यावर दोन शब्द लिहितो आणि तास संपवतो. पंधरा वर्षे हा तास मी असाच संपवीत आलो होतो.

२०२५ च्या जानेवारीत तो तास चालू असता मागच्या बाकावरून एक जड आवाज आला, “सर, धवले आमची आजी बोलते.”

वर्ग हसला. मलाही तो चेष्टेचाच प्रकार वाटला. हा मुलगा माझ्या तासाला हटकून पेंगत असे. त्याच्या हजेरीवरून आमची एकदा चकमकही झाली होती. मी जरा कोरडेपणाने विचारले, “कुठल्या पुस्तकातले म्हणते?”

“पुस्तकातले नाय सर. तिला वाचता कुठं येतं!”

हे उत्तर मला रात्रभर टोचत राहिले. ज्या तालुक्यात मी पंधरा वर्षे मीठ खाल्ले, तिथल्या आगरी लग्नांत धवलारीण नावाची बाई असते, भटजीइतकाच, आणि एके काळी काही ठिकाणी भटजीऐवजीही, तिचा मान असतो, हे मी पुस्तकात वाचलेले होते. परंतु एकाही विद्यार्थ्याला ‘तुमच्याकडे कुणी धवळे म्हणते का?’ असे मी कधी विचारले नव्हते. महदाइसा माझ्यासाठी वारली होती आणि धवळेही तिच्याबरोबर गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला खोलीत बोलावले. तो भीतभीतच आला. हजेरीचा विषय निघणार असे त्याला वाटले असावे. त्याचे नाव मी इथे देत नाही. त्याच्या पार्टीतली पोरे त्याला ‘मास्तर’ म्हणतात आणि ते ऐकून मला आरंभी आपल्यालाच हाक मारली असे वाटे. आपण त्याला बेंजोवाला म्हणू.

कारण तो पेंगत असे ते बेंजोपायीच. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर हळद, वरात, साखरपुडा, गणपती, कशालाही बेंजो पार्टी लागते. शहरातल्या सुशिक्षित वाचकांचा या वाद्याशी परिचय बहुधा खिडकी लावून घेण्यापुरताच असतो. तेव्हा थोडे विस्ताराने सांगतो. हा बेंजो म्हणजे गिटारसारखा गोल पोटाचा विलायती बँजो नव्हे. ही एक लांबट लाकडी पेटी. तिच्यावर तारा ताणलेल्या आणि तारांवर टाईपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताच्या बोटांनी कळ दाबायची आणि उजव्या हातातल्या पातळ पट्टीने तारा छेडायच्या. कळा टाईपरायटरसारख्या दिसतात हा योगायोग नाही. जपानातल्या नागोया शहरी मोरिता गोरो नावाच्या गृहस्थाने १९१२ साली हे वाद्य बनवले आणि त्याला टाईपरायटरच्याच कळांवरून ते सुचले. त्याच वर्षी जपानात ‘ताईशो’ राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याचे नाव ‘ताईशोगोतो’. पुढे ते हिंदुस्थानात आले आणि कुणी रसिकाने त्याचे ‘बुलबुलतरंग’ असे गोड नाव ठेवले. तिकडे बलुचिस्तानात त्याचा ‘बेंजू’ झाला आणि तिथल्या लोकसंगीतात मानाने जाऊन बसला. आमच्याकडे त्याला वीज जोडली, भोंगे जोडले, ढोल-ताशा, हलगी, कॅसिओ आणि इलेक्ट्रिक पॅड यांची संगत दिली आणि बुलबुलाचा गरुड केला!

आणखी एक मौज. शिवडीहून न्हावा शेव्याला येणारा तो प्रचंड सागरी सेतू, अटल सेतू, १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला. लांबी २१.८ किलोमीटर, त्यांतले साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. या सेतूसाठी मोठे कर्ज मिळाले तेही जपानच्या सहकार्य संस्थेकडून. म्हणजे पेटी जपानची आणि ती वरळीच्या कोळीवाड्यात नेण्याचा रस्ताही जपानच्या पैशाचा. मी हे बेंजोवाल्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “सर, टोल मात्र आमचाच.”

या पोराचा २०२५ चा उन्हाळा मी जवळून पाहिला. परीक्षा एप्रिलच्या आरंभीच आटोपली आणि लग्नसराई अंगावर आली. त्यांच्या धंद्यात कार्यक्रम ठरण्याला ‘सुपारी’ म्हणतात. विसार हाती पडला की सुपारी पक्की. त्याच्याजवळ एक लाल पुठ्ठ्याची डायरी होती आणि तीत एकतीस सुपाऱ्या लिहिलेल्या होत्या: जासई, गव्हाण, चिरनेर, करंजा, पलीकडे अलिबागकडची दोन गावे, वरळी, माहीम, थेट वेसावे. पार्टीत अकराजण. त्यांतला ढोलवाला दिवसा कंटेनरच्या गोदामात माल मोजतो, पॅडवाला आय.टी.आय.मध्ये शिकतो, आणि मालक म्हणजे ज्याच्या नावावर ट्रॉली आहे तो. ट्रॉली म्हणजे चाकांवरचा संसारच: मागे जनित्र, वर भोंग्यांच्या भिंती, पुढे वाजवणारे.

एका सुपारीला मीही गेलो, वरळीला. पूर्वी उरणहून मुंबईत वाजवायला जायचे म्हणजे वाशीच्या पुलावरून वळसा घालून दोन-अडीच तासांचा प्रवास. आता वीस-पंचवीस मिनिटांत शिवडी. सेतूवर मोटारसायकलींना मज्जाव आहे, त्यामुळे एरवी टेम्पोच्या मागेपुढे फटफट्या उडवीत जाणारी ही सेना त्या दिवशी मुकाट्याने एकाच टेम्पोत कोंबली गेली होती. शिवडीच्या बाजूला पुलाच्या कडेने ध्वनी अडवणाऱ्या भिंती लावल्या आहेत, खाडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांना गाड्यांच्या आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून. ढोलवाल्याने त्या भिंतींकडे पाहून विचारले, “ही माणसांना कधी लावणार, सर?” आणि मग स्वतःच इतका हसला की टेम्पो हलला. आपण काय करतो हे या पोरांना ठाऊक नसते असे आपण समजतो. ते खरे नाही.

हळदीच्या मांडवात मात्र माझा बेंजोवाला निराळाच माणूस होता. वर्गात ज्याची मान खांद्यावर ठरत नसे, तो तिथे पाच पाच तास ताठ उभा. समोरच्या बायांची पावले पाहून तो लय ओढी, सोडी. म्हातारी माणसे नाचायला उठली की जुनी कोळीगीते काढी, पोरे उठली की सिनेमातली. एक गाणे संपून दुसरे लागेपर्यंतच्या दोन मात्रांत पुढचे काय, हे डोळ्यांनीच ढोलवाल्याला सांगे. आपल्याकडे कुमार गंधर्व लहान वयातच वडिलांबरोबर गावोगाव मैफली करीत हिंडले. १९३८ साली सोलापुरात नऊ वर्षांच्या लताबाईंनी वडिलांच्या मैफलीत जाहीरपणे गायिले. त्या थोरांशी या पोराची तुलना करण्याचा वेडेपणा मी करीत नाही. पण हिंडत हिंडत शिकणे ही गोष्ट आपल्या संगीताला नवी नाही, एवढे त्या रात्री मला दिसले. परत निघालो तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची करंज्याला सुपारी होती.

या धावपळीत चैत्र शुद्ध सप्तमी आली. त्या दिवशी कार्ल्याला एकवीरेची पालखी. आगरी-कोळ्यांचे हे कुलदैवत. वर्षभर कुठेही असोत, चैत्रात ही मंडळी गडावर जातातच. त्या दिवसाची सुपारी कुणी कितीही पैसे दिले तरी घ्यायची नाही, असा त्याच्या घरचा दंडक. बेंजोवाल्याने आम्हांलाही आग्रहाने बोलावले. मी, आमच्या सौभाग्यवती आणि आमची सहावीतली कन्या असे तिघे त्यांच्या मिनीबसमध्ये चढलो. बसमध्ये त्याचे आई-वडील, लग्न ठरलेली थोरली बहीण, काका, आत्या, त्यांची पोरे आणि सर्वांत पुढे, ड्रायव्हरच्या शेजारच्या खुर्चीवर, नऊवारी आवरून बसलेली आजी. वय पंचाहत्तरीच्या पलीकडे. दृष्टी आणि जीभ दोन्ही शाबूत.

“मास्तर,” तिने पहिलाच प्रश्न टाकला, “याला तुमच्या शालेत झोप का येते, मना सांगा.”

मी काय सांगणार? आमच्या सौ. म्हणाल्या, “आजी, यांच्या तासाला मलासुद्धा आली असती.” तेव्हापासून दोघींचे जमले ते जमलेच.

पनवेल, खोपोली, बोरघाट, लोणावळा करीत वेहेरगावला पोचायला दुपार झाली. पायथ्याशी गर्दी अशी की मुंग्यांनाही वाट मिळू नये. गावोगावच्या पार्ट्या वाजत होत्या; आमच्या पोरांनीही दोन गाणी वाजवून देवीची हजेरी लावली. आजी एकेक पायरी मोजीत, धापा टाकीत, पण कुणाचा हात न धरता वर चढली. देवळाला अगदी लागून कार्ल्याचे ते लेणे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो चैत्य, १२४ फूट लांब, आणि छताला अजून त्या काळच्या लाकडी कमानी. आमच्या कन्येला तिच्या पुस्तकातले चित्र प्रत्यक्ष दिसल्याने अपार आनंद झाला. बेंजोवाला मात्र खांबांकडे पाहतच नव्हता. तो मध्यभागी उभा राहून हळूच एक सूर लावी आणि कान देऊन थांबे. दोन-तीनदा त्याने असे केले. मग मला म्हणाला, “सर, इथं भोंगा लागत नाय.”

खाली आल्यावर नैवेद्याचा स्वयंपाक. आमच्या घरी मांसाहार नाही, म्हणून आमच्यासाठी त्याच्या आईने तांदळाच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि कैरीची चटणी निराळी बांधून आणली होती. परतीच्या वाटेवर बस अंधारात घाट उतरत असता मी आजीला म्हटले, “आजी, एखादा धवळा म्हणा ना.” मी वही काढूनच बसलो होतो.

आजीने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी बसमध्ये लग्न लावायला सांगितले. “मांडव कुठाय?” ती म्हणाली. “नवरा कुठाय? धवला काय असा रस्त्यात बोलतात?”

वही मिटली. धवळा हे तिच्या लेखी गाणे नव्हतेच. तो एक विधी होता, आणि विधी अवेळी करीत नसतात. सातशे वर्षांपूर्वी महदाइसेने लग्न मांडले होते तेव्हाच धवळे गायिले, हे मी वर्गात सांगत आलो. पण त्याचा अर्थ मला बोरघाटात कळला.

ऐकायचे तर नातीच्या लग्नात ऐकावे लागणार होते. लग्न ८ मेला, हळद ७ मेच्या रात्री.

यांचे घर नवीन शेव्यात. ‘नवीन’ हा शब्द फसवा आहे. जुने शेवे बंदराखाली गेले. मुंबई बंदरावरचा ताण हलका करायचा म्हणून इथे नवे बंदर आले. २६ मे १९८९ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २०२४-२५ या एका वर्षात तिथून सत्तर लाखांहून अधिक कंटेनर, वीस फुटी मापाने मोजले तर, गेले-आले. त्याआधी नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या पुढारपणाखाली शेतकरी उठले, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला या तालुक्यात गोळीबार होऊन पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मूळ मालकाला परत देण्याची योजना आली ती त्या आंदोलनातून. हे सारे मी वर्तमानपत्रांतून वाचलेले. आजी त्यातले काही सांगत नाही. तिचे यजमान तेव्हा मिठागरावर होते, एवढेच सांगते आणि सुपारी कातरू लागते.

७ मेचा दिवस उजाडला तो निराळ्याच बातम्या घेऊन. पहाटेपूर्वीच भारताने पाकिस्तानातल्या दहशतवाद्यांच्या तळांवर हल्ले केले होते. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम ठरलेली होती आणि तीत मुंबई, तारापूर यांच्या बरोबरीने उरणचे नाव पहिल्या वर्गात होते. बंदर, नौदल, तेलाच्या टाक्या. उरणचे नाव का, हे इथल्या शेंबड्या पोरालाही सांगावे लागत नाही. दुपारी चारच्या सुमारास भोंगा वाजला तेव्हा मांडवात घाणा भरण्याची तयारी चालली होती. बायकांचे हात थांबले. त्याचे वडील बंदराजवळच्या यार्डात कंत्राटावर. त्यांना त्या दिवशी सुटी मिळते की नाही याचीच सकाळपासून घालमेल होती आणि ते अजून घरी यायचे होते. कुणी म्हणाले, लग्न चार दिवस पुढे ढकला. कुणी म्हणाले, निदान बेंजो तरी नको; शेजारच्या गावातला एक मुलगा सीमेवर आहे, त्याच्या आईला काय वाटेल?

पार्टीची पोरे ट्रॉलीपाशी उभी होती. ही सुपारी त्यांनी घरचीच म्हणून बिनपैशांची घेतली होती, आणि बहिणीच्या हळदीत वाजवायचे या एका आशेवर आमचा बेंजोवाला महिनाभर रात्रीचा दिवस करीत होता. त्याचा चेहरा मला पाहवेना. पण तो एक शब्द बोलला नाही. आजीच म्हणाली. एकाहत्तरच्या लढाईत काचेला काळे कागद लावून तिने दिराचे लग्न काढले होते. “नवरीला हलद लागली पायजे,” ती म्हणाली. “वाजवा. पर लवकर आटपा.”

साडेसहाला वडील आले, सातला बेंजो सुरू झाला. पहिले अर्धा तास कुणी नाचले नाही. मग ज्या घरचा मुलगा सीमेवर होता ती आईच मांडवात आली, नवरीला हळद लावली आणि पदर खोचून उभी राहिली. पुढचे काही सांगायला नको. आमची कन्या त्या रात्री अशी नाचली की तिच्या भरतनाट्यमच्या बाईंना तिची ओळख पटली नसती.

रात्री दहा वाजता आवाज बंद. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. दहा ते सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. एरवी बेंजोवाले या दहाच्या ठोक्याला शिव्या देतात, दहाचे साडेदहा कसे करावे याच्या युक्त्या शोधतात. त्या रात्री कुणी युक्ती केली नाही. जनित्र थांबले आणि इतकी शांतता पसरली की दूर बंदरातल्या क्रेनची घरघर ऐकू येऊ लागली.

“बाला,” आजी नातवाला म्हणाली, “तुजा डबा बंद झाला ना? आता माजं ऐक.”

ती मांडवाच्या मेढीपाशी पाटावर बसली. सोबत तिच्याच वयाच्या दोघी. वाद्य नाही, टाळी नाही. आजी एक ओळ उचली, अर्ध्यावर आली की दोघी ती झेलत आणि शेवट पुढच्या ओळीत विरघळून जाई. स्वर तीन-चारच, पण त्यांतला एक असा काही लावी की अंगावर काटा यावा. मी शब्द टिपू लागलो आणि थोड्या वेळाने टिपायचे विसरलो. नवऱ्या मुलाची वाट सांगणारा एक धवळा होता. तो कुठून निघाला, कुठल्या बांधावरून आला, कुठल्या विहिरीवर पाणी प्याला, कुठल्या देवळाशी थांबला. मी शेजारच्या काकांना हळूच विचारले, “ही विहीर कुठे आहे?”

“आता कुठं, सर! ती यार्डात गेली. बांधपण गेला, देऊलपण हाललं.” काका म्हणाले. “पर नवरा त्याच वाटेनं येतो.”

बेंजोवाला आजीच्या मागे, जमिनीवर बसला होता. त्याने पेटी मांडीवर घेतली, तार भोंग्यातून काढली आणि अगदी हलक्या हाताने तिच्या सुराशी सूर लावू पाहिला. विजेविना त्या बेंजोचा आवाज केवढासा, डासाच्या गुणगुणीएवढा. दोन स्वर जुळले. तिसरा, तो काट्याचा, जुळेना. तो एक कळ दाबी, ती उंच पडे. अलीकडची दाबी, ती खाली पडे. आजीचा सूर या दोन कळांच्या मधे कुठेतरी उभा होता आणि नागोयाच्या त्या कारागिराने तिथे कळच ठेवली नव्हती. त्याने बोटाने तार ओढून पाहिली. जवळ आला, निसटला. पुन्हा ओढली. घामाने त्याचे कपाळ डवरले. एकतीस सुपाऱ्यांत जो एकदाही अडखळला नाही तो पोरगा आजीच्या एका स्वरापुढे हतबल होऊन बसला होता. आजीचे त्याच्याकडे लक्ष नव्हते असे मला वाटले, पण धवळा संपताच ती मान न वळवता म्हणाली, “त्या डब्यात नाय तो. उगा शोधू नको.”

पोरे हसली. तो हसला नाही.

धवळे मध्यरात्र उलटून गेल्यावर कधीतरी संपले. दुसऱ्या दिवशी लग्न थाटात झाले आणि १० मेला युद्धबंदीही झाली. सुपाऱ्या पुन्हा सुरू झाल्या. परंतु त्या वर्षी उन्हाळ्यालाच घाई होती. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच पाऊस कोसळू लागला आणि २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. इतक्या लवकर तो आल्याची नोंदच नव्हती. खुल्या मैदानावरच्या हळदी हॉलमध्ये गेल्या आणि हॉलमध्ये ट्रॉली जात नाही. एकतीसांपैकी पाच सुपाऱ्या बुडाल्या. एका गृहस्थाने वाजवून घेतले, पॅड भिजून बिघडले ते बिघडले, आणि उरलेले पैसे पावसाच्या नावावर बुडवले. त्याच्या वाट्याचे जे आले त्यातून त्याने तिसऱ्या वर्षाची फी भरली आणि आईला मिक्सर घेतला. वडिलांनी यार्डात पर्यवेक्षकाशी बोलून ठेवले होते. पोरगा जूनपासून कामाला लागेल तर महिन्याचा पगार घरात येईल. यावरून घरात बोलाचालीही झाली, हे मला त्याच्या आईकडून कळले. तूर्त त्याने आठवड्यातले तीन दिवस यार्डात आणि तीन दिवस वर्गात असा तह केला आहे. तो टिकेल की नाही, मी सांगू शकत नाही.

जुलैत तो माझ्याकडे आला ते एक काम घेऊन. आजीचे धवळे किती आहेत हे त्याला मोजायचे होते. हळदीच्या रात्री त्याने मोबाईलवर नऊ धरले होते. बहिणीच्या लग्नाच्या दिवशी आणखी पाच. आजी म्हणते, अजून पुष्कळ आहेत. उंबराची फांदी आणतानाचे वेगळे, नवरी सासरी निघतानाचे वेगळे, काही तर तिने वीस वर्षांत म्हटलेच नाहीत, कारण आता कुणाला तेवढा वेळ नसतो. मी म्हटले, आजीला इकडे आण, वर्गात बसवू, मी सारे लिहून घेतो. तो मान हलवून म्हणाला, “मांडवाशिवाय बोलनार नाय, सर. मी विचारून बघितलं.” मग म्हणाला, “आनि तिचा श्वास आता पुरत नाय.”

तेव्हा लग्नसराईची वाट पाहणे आले. या वर्षी महदाइसेचा तास मी अजून घेतलेला नाही. मुद्दामच मागे ठेवला आहे.

परवा त्याने डायरी दाखवली. तुळशीचे लग्न झाल्यावरची पहिली सुपारी जासईची आहे. त्याच घरचे लोक धवलारीण म्हणून आजीलाही बोलावून गेले आहेत. बेंजोचा टेम्पो संध्याकाळी पाचला निघेल. पुढची, ड्रायव्हरच्या शेजारची जागा मालकाची असते. पण ती आपल्याला पाहिजे, असे आजीने आधीच सांगून ठेवले आहे.